पाण्यात ऑइल, ऑइलमध्ये पाणी: एकाच गाडीत तीनदा आलेली मलाई

रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत चॉकलेटी मलाई दिसली की आपल्याकडे एकच निदान होतं: "हेड पॅकिंग गेलं." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचा, आणि दोघांच्या मधली पट्टी म्हणजे हेड पॅकिंग.) पानठेल्यावरचा माणूसही तेच सांगतो, ट्रॅक्टरवालाही तेच सांगतो, आणि मागच्या दसऱ्यात, गॅरेजचा मिस्त्री असून, मीही तेच सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका गुरुजींची जुनी डिझेल कार होती. ती ह्याच तक्रारीसाठी माझ्याकडे तीनदा आली आणि तिन्ही वेळा वेगळंच काही सापडलं. पहिल्या वेळची चूक माझी, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीत असं काही दिसलं तर हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी हे वाचा.

सगळ्यात आधी गाडी बंद करा. "गॅरेजपर्यंत जाते का पाहू" असं करू नका. बाटलीत नुसतं ऑइल आलं असेल तर थोडीफार सवलत असते. पण डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर) चहासारखं ऑइल असेल, तर ते बेअरिंगला वंगण देत नाही, बेअरिंग खातं. कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये गेलं की ते ऑइल घट्ट, चिकट होतं, आणि क्रँकच्या बेअरिंगचा मऊ थर निघायला लागतो. टर्बोवाल्या गाडीत टर्बोची बुशिंगं त्याही आधी जातात. दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढून आणा. त्यात कसली लाज?

कोण कोणाच्या घरात गेलं, ते आधी पाहा

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. टायरच्या भाषेत सांगायचं तर गरम इंजिनाला रस्त्यावर ऑइलचा दाब साधारण ४० ते ६० पौंड असतो, आणि रेडिएटरचं झाकण १३ ते १६ पौंडाच्या आसपास वाफ सोडतं. म्हणजे दोघांमधल्या भिंतीला भोक पडलं तर चालत्या गाडीत ऑइल पाण्यात जाणार. गाडी बंद केली की ऑइलचा दाब क्षणात शून्य होतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब थोडा वेळ टिकतो. त्या वेळात पाणी उलट ऑइलमध्ये जाऊ शकतं. भोक बारीक असेल तर सुरुवातीला बाटलीत मलाई आणि डिपस्टिकवर स्वच्छ ऑइल, असं चित्र दिसतं. गुरुजींच्या गाडीत नेमकं हेच होतं आणि मी त्याकडे नीट पाहिलं नाही.

दुसरं चित्र याच्या उलट असतं. बाटली स्वच्छ, पाणी मात्र कमी होत चाललेलं, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली. आपल्याकडे ट्रॅक्टरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. ओल्या लायनरच्या इंजिनात (म्हणजे सिलिंडरची सुटी नळी जिथे थेट पाण्यात असते) लायनरच्या खालच्या रबरी रिंगा सडतात आणि पाणी सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. त्या ठिकाणी ऑइलला दाब नसतो, म्हणून रेडिएटरमध्ये ऑइल येत नाही. बहुतेक कारमध्ये लायनर असे नसतात. तिथे पाणी चेंबरमध्ये गेलं तर हेड पॅकिंग, तडकलेलं हेड, किंवा काही इंजिनांत पुढच्या टायमिंग कव्हरचं पॅकिंग, असा संशय घ्यायचा.

तिसरं चित्र म्हणजे पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण मलाई कुठेच नाही. तेव्हा पाणी सिलिंडरमध्ये जळतंय. डिझेल गाडीत एक्झॉस्टचा वायू थंड करणारा ईजीआर कूलर फुटला तरी असंच दिसतं. तो विषय वेगळा, इथे सोडून देतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल आणि बाटलीत गुलाबी दूध दिसलं, तर ते गिअरचं ऑइल समजायचं. ते रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून येतं. आमच्या भागात अशा गाड्या अजून थोड्या आहेत, पण येतात.

सकाळी, थंड इंजिनावर, हत्यार न लावता

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी चेंबरचा बोल्ट अगदी हळू ढिला करा, खाली स्टीलची वाटी धरा. पाणी ऑइलपेक्षा जड असतं. रात्रीतून ते तळाशी बसतं, म्हणून आधी पाणी निघतं, मागून ऑइल. दोन-तीन चमचे निघालं की बोल्ट परत कसा. फेटून पूर्ण एकजीव झालेलं पाणी मात्र असं वेगळं निघत नाही. त्यासाठी डिपस्टिकवरचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका. स्वच्छ ऑइल नुसतं पसरून धूर देतं, पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. तवा घरचा नको, नाहीतर घरात वेगळाच बिघाड होईल.

मग ऑइल भरायच्या झाकणाकडे पाहा. झाकणाखाली पांढरट लोणी आणि डिपस्टिक मात्र स्वच्छ, असं थंडीत दिसलं तर घाबरू नका. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ-नागपूरकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. घर ते वावर, वावर ते घर एवढीच गाडी चालली, तर इंजिन नीट तापत नाही. आतला दमट वारा झाकणाला पाणी सोडतो आणि ते ऑइलमध्ये फेटलं जातं. गाडी एकदा तासभर रस्त्यावर चालवली की निघून जातं. याच लोण्यापायी लोकांनी चांगली हेडं उघडलेली मी पाहिली आहेत.

गाडी थंड असतानाच बाटलीचं झाकण उघडून चालू करा आणि बुडबुडे येतात का पाहा. मग बंद करून झाकण लावा, पुन्हा चालू करा आणि वरचा रबरी पाइप हातात धरून ठेवा. हे झाकण गरम गाडीत कधीही उघडायचं नाही. आमच्याकडच्या एका पोराच्या दंडावर त्याची खूण अजून आहे. पाणी तापायच्या आत, दोन मिनिटांत पाइप टायरसारखा कडक झाला किंवा बाटलीत सारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. मग हेड पॅकिंग किंवा हेड हे जवळजवळ नक्की. पण बुडबुडे नाहीत म्हणून पॅकिंग निर्दोष ठरत नाही. पॅकिंगमध्ये ऑइलचा मार्ग आणि पाण्याचा मार्ग शेजारी-शेजारी असतात. तेवढीच भिंत फुटली तर बुडबुडा येत नाही, मलाई मात्र येते. नुकतंच पाणी बदललं असेल तर अडकलेली हवाही बुडबुडे देते. ती थोड्या वेळात थांबते, सिलिंडरचा वायू थांबत नाही.

पहिल्यांदा: हेड वाकलेलं होतं, तरी गुन्हा त्याचा नव्हता

गुरुजी आले तेव्हा सोयाबीन काढणी चालू होती. "मिस्त्री, गाडी तापत तर नाही, पण पाण्याच्या बाटलीत लस्सी होऊन राहिली." उन्हाळ्यात नागपूरच्या रस्त्यावर काटा एकदा लालपर्यंत गेला होता, हेही त्यांनी सांगितलं. मला तेवढं पुरलं. तापली, म्हणजे पॅकिंग गेलं. डिपस्टिक पाहिली, ऑइल काळं पण स्वच्छ, पातळी बोटभर कमी. ही कमी झालेली पातळीच सांगत होती की ऑइल एकाच दिशेने जातंय, आणि तेही दाबाच्या जागेवरून. मी पाहिलं आणि पुढे गेलो.

हेड उतरवलं. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातला, तर ०.०५ मिमीची पाती जायला नको होती ती मधल्या भागात सहज गेली. मला वाटलं, चोर सापडला. यवतमाळला लेथवर नेऊन फेस मारला (म्हणजे तळ सपाट करून घेतला), नवं पॅकिंग, नवे बोल्ट, ऑइल, फिल्टर, कूलंट. गाडी गोड चालली. गुरुजींनी पोरांना चहा पाजला. वीस-बावीस दिवसांनी त्यांचा फोन आला. ते काही बोललेच नाहीत, नुसता बाटलीचा फोटो पाठवला.

पोरगं म्हणालं, "काऊन मिस्त्री, पॅकिंग खराब आलं का?" मलाही क्षणभर तेच म्हणावंसं वाटलं. आपल्या धंद्यात सामानावर ढकलणं सोपं असतं. पण वाकलेलं हेड हा एक दोष होता आणि ऑइल गळणं हा दुसरा. एक सापडला म्हणून मी दुसरा शोधलाच नव्हता.

दुसऱ्यांदा: ऑइल कूलर

बऱ्याच डिझेल गाड्यांत, आणि आता पुष्कळ पेट्रोल गाड्यांतही, ऑइल फिल्टरच्या बैठकीजवळ किंवा ब्लॉकच्या कुशीत एक लहान ऑइल कूलर असतो. पातळ पत्र्यांची थप्पी असते. एका फटीतून ऑइल, शेजारच्या फटीतून पाणी. पत्र्याला सुईएवढं छिद्र पडलं, किंवा त्याची रबरी सील मेली, तर चालत्या गाडीत ऑइल पाण्यात जातं आणि सिलिंडरचा वायू कुठेच येत नाही. गाडी तापत नाही, पांढरा धूर नाही, बुडबुडे नाहीत, ताकद कमी नाही, फक्त मलाई. गुरुजींची गाडी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

यावेळी घाई केली नाही. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिला. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ, शेजारचे दोन एकदम पडलेले नाहीत. शेजारचे दोन एकत्र पडलेले असते तर मधली पॅकिंगची भिंत गेली असं मानलं असतं. पाण्याच्या बाजूला हातपंपाने १५ पौंड दाब देऊन ठेवला. तो हळूहळू उतरला, पण बाहेर कुठे थेंब नाही. ब्लॉक टेस्टरचं निळं पाणीही निळंच राहिलं. हा टेस्टर स्वस्त मिळतो आणि गॅरेजमध्ये ठेवावा असा आहे. बाटलीतली हवा त्याच्या निळ्या पाण्यातून ओढायची. सिलिंडरचा वायू असेल तर रंग पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट होतो. एक पथ्य आहे: कूलंट स्वतःच टेस्टरमध्ये ओढलं गेलं तर निकाल खोटा, म्हणून आधी बाटलीतलं पाणी थोडं कमी करायचं.

कूलर काढला. एका बाजूचं तोंड रबराने बंद केलं, दुसऱ्या तोंडातून ५० पौंड हवा सोडली आणि बादलीत बुडवला. काही नाही. एकही बुडबुडा नाही. इथे मी दुसऱ्यांदा फसणार होतो. पोरगं आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी घेऊन आलं. त्यात बुडवून दहा मिनिटं ठेवला, मग हवा सोडली, आणि पत्र्याच्या कडेने बारीक मोत्यांची माळ सुटली. धातू तापून पसरल्यावरच ती चीर उघडत होती. म्हणून कूलर थंड पाण्यात तपासून "चांगला आहे" म्हणू नका. तपासताना डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि ५० पौंडांच्या वर जाऊ नका. रबराचा बूच सुटला तर गोळीसारखा येतो.

ज्या गाड्यांत कूलरला पाणी वेगळ्या रबरी पाइपांनी जातं, तिथे आणखी एक सोपी युक्ती आहे. ते दोन पाइप कूलरवरून काढून एकमेकांना जोडायचे, म्हणजे पाणी कूलरला वगळून फिरतं. आतली घाण धुऊन गाडी गावातल्या गावात दोन दिवस चालवायची. ऑइल येणं थांबलं तर दोषी सापडला. घाट, वजन, लांबचा रस्ता यांतलं काही नको, कारण ऑइल थंड होत नसतं. कूलर ब्लॉकला थेट चिकटलेला असेल तर ही युक्ती चालत नाही.

कूलर वेल्डिंग करून आणू नका. मी एकदा करून पाहिलं आहे, पावसाळ्याच्या आतच परत फुटला. नवा टाका, सोबत सगळ्या सील नव्या. आणि फिल्टरची बैठक पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडी करा. तिथे ऑइलचा थर राहिला तर नवी सीलही नीट बसत नाही.

खरंच पॅकिंग असेल तर

हे लहानच लिहितो, कारण हेडचं काम बहुतेक मिस्त्र्यांना येतं. चुका मात्र ठरावीक जागी होतात. इंजिन गरम असताना हेडचे बोल्ट सोडू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड तिथेच वाकतं. सोडताना बाहेरून आत, कसताना मधून बाहेर, तेही टप्प्याटप्प्याने. ज्या बोल्टांना शेवटी अंशांत फिरवायचं असतं ते ताणलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. डिझेलच्या पॅकिंगवर कडेला खाचा किंवा भोकं असतात. ती जाडीची खूण असते आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ठरते. दुकानदार देईल ते घेऊन आलात तर पिस्टन हेडला लागू शकतो.

हेड लेथवर गेलं की फेस मारण्याआधी पाण्याच्या दाबाखाली तपासायला सांगा. तडा असेल तर फेस मारून काय उपयोग? सरळपणा सहा दिशांनी पाहा: लांबीच्या दोन्ही कडा, दोन तिरक्या, दोन आडव्या. ब्लॉकही तपासा, हे सगळे विसरतात. ब्लॉक ग्राइंडरच्या चकतीने घासू नका. ती धूळ ऑइलच्या मार्गात जाऊन बेअरिंगपर्यंत पोहोचते. आणि बोल्टच्या भोकांमधलं पाणी-ऑइल हवेने फुंकून काढा. भोकात द्रव राहिला तर टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो, आणि जास्त जोर लावला तर ब्लॉकच तडकतो. असा एक ब्लॉक माझ्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेला आहे, पोरांना दाखवायला.

धुणं हेच खरं काम

कूलर बदलायला अर्धा दिवस लागला. धुवायला दोन दिवस. जे लोक हे काम तासाभरात उरकतात, त्यांच्याकडे गाडी परत येते.

रेडिएटर धुवायला डिझेल किंवा रॉकेल टाकू नका. चिकटा निघतो, हे खरं. पण पाण्याच्या पाइपांचं रबर तेलाने फुगून मऊ पडतं आणि महिन्याभरात फुटतं. जे पाइप आधीच ऑइलमध्ये भिजून मऊ झालेत ते दाबून पाहा. दाबल्यावर दामट्यासारखे दबले तर बदला. झाकणाचं रबरही बदला.

मी असं करतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व) काढून ठेवतो, म्हणजे पाणी सगळीकडे फिरतं. गरम पाण्यात वॉशिंग मशीनची कमी फेसाची पावडर विरघळवून भरतो. बादलीत कपडे धुवायची साधी पावडर नको, तिचा फेस बाटलीतून बाहेर येऊन गॅरेजभर होतो आणि इंजिनात हवा अडकते. गाडी १५-२० मिनिटं मंद चालवतो, मग कोमट झाल्यावर खाली सोडतो. असं चार वेळा, कधी सहा वेळा. शेवटी साध्या पाण्याने तीन वेळा, साबण पूर्ण निघेपर्यंत. बाटली वेगळी काढून तिच्यात मूठभर बारीक गिट्टी आणि गरम पाणी घालून हलवायची, जुनी बरणी धुतात तशी. रेडिएटरच्या नळ्यांत मलाई वाळून बसली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, रेडिएटर बदलणं स्वस्त पडतं.

एक गोष्ट मी ह्या वेळी विसरलो. ती पुढे सांगतो.

ऑइलच्या बाजूला पाणी गेलं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. चेंबर उतरवा, जाळी धुवा, त्याच दर्जाचं साधं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घाला. दहा मिनिटं नुसतं मंद चालवा, अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, आणि काढून टाका. पुन्हा एकदा तसंच. मग चांगलं ऑइल घाला, आणि तेही ५०० किलोमीटरवर बदला. गाडी मलाईवर बरीच चालली असेल तर चेंबर उघडं असतानाच एक बेअरिंग खोलून पाहा. चेंबर परत बसवल्यावर पाहायचा विचार करू नका.

निघालेलं पाणी आणि ऑइल कुठे टाकता? कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, बकरी, वासरू, कोणीही चाटून जाईल. नालीत किंवा निंबाच्या झाडाखाली सोडू नका, कॅनमध्ये भरून झाकण लावा. जळकं ऑइल लोक उधळीसाठी (वाळवीसाठी) खांबांना लावायला मागून नेतात. ह्या मिसळलेल्या ऑइलला मी नाही म्हणतो. गोठ्याचा खांब ढोरं चाटतात.

तिसऱ्यांदा: जुनी घाण आणि थंड इंजिन

जानेवारीत गुरुजी पुन्हा दारात उभे. आता त्यांचा आवाज थोडा वेगळा होता. "भाऊ, खरं सांग, गाडी विकून टाकू का?" बाटलीत पाण्यावर तपकिरी साय, आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरं लोणी. माझ्या पोटात गोळा आला. दोन्हीकडे मलाई म्हणजे आता हेड तडकलं, असंच पहिल्यांदा वाटलं.

पण डिपस्टिकवर मी मागच्या वेळी पातळीची बारीक खूण केलेली होती. ऑइल खुणेवर, जसंच्या तसं. नवं ऑइल पाण्यात जात असतं तर पातळी उतरली असती. डिपस्टिकवरचं ऑइल तव्यावर तडतडलं नाही. रात्रभर ठेवून चेंबरचा बोल्ट ढिला केला, पहिला थेंब ऑइलचाच. मग ही साय आली कुठून?

गुरुजींना विचारलं, "मधे काही बदललं का?" ते म्हणाले, "काही नाही. थंडी लय आहे म्हणून हीटर लावला, तेवढंच."

तिथे गाठ सुटली. ह्या गाडीत हीटरच्या पाण्याला व्हॉल्व आहे. आपल्या विदर्भात हीटर कोण लावतो? नोव्हेंबरमध्ये मी सहा वेळा गाडी धुतली, पण हीटरचं बटण थंडच्या बाजूला होतं. हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये जुनी मलाई तशीच बसून होती. पहिल्यांदा हीटर लागला आणि ती सगळी बाहेर आली. धुताना हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, मे महिना असला तरी. हीच ती विसरलेली गोष्ट.

आणि झाकणाचं लोणी? नवा थर्मोस्टॅट त्या दिवशी मिळाला नव्हता, म्हणून मी गाडी थर्मोस्टॅटशिवाय दिली होती, "चार दिवसांत घालू" म्हणून. चार दिवसांचे दोन महिने झाले. थर्मोस्टॅट नसलं की थंड पाणी सारखं इंजिनातून फिरत राहतं. जानेवारीच्या सकाळी चार किलोमीटरच्या शाळेपर्यंत इंजिन तापतच नव्हतं. काटा तळाशी, आणि आतला दमटपणा झाकणाला. थर्मोस्टॅट बसवला, हीटर लावून पुन्हा तीन वेळा धुतलं, आणि गुरुजींना एक दिवस यवतमाळला जाऊन यायला सांगितलं. दोन्ही गेलं.

मुळात तापली कशाने

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की "वाल काढून टाक, गाडी थंड राहते" असं प्रत्येक जण सांगतो. गाडी तापते त्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. गुरुजींच्या गाडीत दोन कारणं सापडली. एक, रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलेलं बोअरचं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार जास्त. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांना बसतो. शिवाय त्यात गंज रोखणारं काही नसतं, आणि कूलरचे ते पातळ पत्रे खराब व्हायला ते पुरेसं असतं. कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिसळलेलं घ्या. डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदला, दोन वेगळ्या जातीचं कूलंट मिसळू नका.

हळदीचंही सांगून टाकतो. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची, हे आमच्या ड्रायव्हर मंडळींचं शास्त्र आहे. रस्त्यात अडकलात, घर ४० किलोमीटर दूर आहे, तर टाका बापा, मी नाही म्हणत नाही. पण घरी आल्यावर धुऊन काढा. ती हळद कूलरच्या आणि हीटरच्या बारीक फटींत बसते, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. ऑइल-पाणी मिसळलं असेल तेव्हा हळदीचा किंवा गळती थांबवणाऱ्या कोणत्याही पावडरीचा काडीचा उपयोग नाही.

दुसरं कारण मला बाहेरूनच दिसायला हवं होतं. सोयाबीनच्या काढणीत गुरुजींची गाडी थ्रेशरच्या जवळ उभी राहायची, आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्या दोघांच्या मधल्या फटीत कुटार आणि रुई अशी दाबून बसली होती की गादी भरता आली असती. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मागे हात घातल्याशिवाय कळत नाही. हवेने फुंकताना पंख्याच्या बाजूने पुढे फुंका, उलट फुंकलं तर आणखी आत बसतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बारीक पाती वाकतात, तेव्हा नळाचं साधं पाणी बरं.

त्यानंतर गुरुजींनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून ग्रिलच्या आत तारेने बांधला आहे, फक्त काढणीच्या दिवसांपुरता. दर दोन दिवसांनी झटकतात. काढणी संपली की तो काढायची आठवण मी करतो, कारण उन्हाळ्यात तीच जाळी वारा अडवते.